स्टिक आणि पेनड्राइव्ह

“हे तुझं फुकटचं आधी उचल इथनं!”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘गावशीव’च्या कचेरीत पाऊल टाकलं आणि शिंत्रे सरांनी माझं हे असं स्वागत केलं. सर म्हणजे आमच्या गडहिंग्लजच्या या साप्ताहिकाचे मालक, संपादक, बातमीदार, सगळं काही. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

“सर, आधी पाणी तरी विचारा,” मी चपला काढत म्हटलं. “फुकटचं उचलायलाही अंगात जोर लागतो.”

“थट्टा नको, गिरिजा. दिवाळी अंक आहे. आज संध्याकाळच्या एसटीनं पानांची सीडी कोल्हापूरला गेली नाही, तर छापखानावाला मशीन दुसऱ्याला देणार. आणि तुझ्या त्या लिनक्सला सकाळपासून झटके येतायत. विचार अण्णांना.”

अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण हात मांडीवर. नाव इराप्पा सुतार, गाव त्यांना इराण्णा म्हणायचं. ‘गावशीव’चं पहिल्या अंकापासूनचं अक्षर न् अक्षर या माणसाच्या बोटांतून गेलेलं. एरवी मला बघितलं की ‘आली बघा डबडेवाली’ अशी सुरुवात करायचे. त्या दिवशी मात्र मान वर करेनात.

“काय होतंय, अण्णा?”

“बटण दाबलं की खिडकी मिटतीय. अक्षर काय उमटत न्हाई. मघाशी एक बटण दाबलं तर सगळं पान निळं झालं, दुसरं दाबलं तर पानच गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“गेलं म्हंजे गेलं! कारखान्याच्या चेअरमनसायबांच्या शुभेच्छांचं पान हुतं.”

“मग फार काही बिघडलेलं नाही,” मी म्हटलं.

सर हसले नाहीत. टेबलावर हाताचा पंजा आपटून म्हणाले, “मी ठरवून टाकलंय. दुपारपर्यंत हे सरळ झालं नाही, तर पुढच्या अंकापासून सगळं टाइपिंग कोल्हापूरला. अण्णांनी आता घरी बसावं, नातवंडं खेळवावीत.”

हे ते अण्णांच्या तोंडावर बोलले. रागाच्या भरात बोलले हे खरं, पण बोलले. अण्णांना ना मूल ना बाळ, बायको केव्हाच गेलेली. घरी बसून कुणाची नातवंडं खेळवणार? कचेरी हेच त्यांचं घर होतं, कुलपाची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. अण्णांनी नुसती मान हलवली. माझं डोकं तापलं.

“सर, दुपारपर्यंत कशाला? चहा सांगा. चहा येईपर्यंत बघते.”

माझा आत्मविश्वास तेव्हा असा होता की आभाळाला ठिगळ लावायला कुणी सांगितलं असतं, तर दोरा कुठल्या रंगाचा एवढंच विचारलं असतं. दुकान नवं होतं, वय लहान होतं आणि तालुक्यात विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स घालून देणारी मी एकटीच होते. बाकीचे दुकानदार जुनं यंत्र आलं की ‘नवं घ्या’ म्हणायचे. मी म्हणायचे, ‘ठेवून जा.’ गळ्यात दोरीला अडकवलेला एक पेनड्राइव्ह असायचा, त्यात माझं सगळं भांडवल. आई म्हणायची, मंगळसूत्राच्या जागी हे काय घालून फिरतीस!

‘गावशीव’चं यंत्र मी त्या पावसाळ्यात हातात घेतलं होतं. तेव्हा ते इतकं दमलेलं होतं की सकाळी चालू करून अण्णा समोरच्या टपरीवर जायचे, चहा पिऊन, पेपर वाचून यायचे, तरी पडद्यावर ते चक्र फिरतंच असायचं. नवीन घ्यायची सरांची ऐपत नव्हती आणि माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण शाळेत मी त्यांची विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. त्या पुण्याईवर त्यांनी यंत्र माझ्या हवाली केलं. मी जुनं सगळं पुसलं, हलकं लिनक्स घातलं, हलकासा डेस्कटॉप बसवला. चहा सांगायच्या आत यंत्र चालू व्हायला लागलं. सर खूश झाले. अण्णांनी मात्र चष्मा वर करून मेनूच्या कोपऱ्यातल्या चिन्हाकडं बोट दाखवलं.

“ह्यो उंदीर कशाला?”

“त्या डेस्कटॉपचं चिन्हच आहे ते, अण्णा.”

“मांजर आणून सोड मग. माझ्या फायली कुरतडंल.”

तिथून आमची जुगलबंदी सुरू झाली. अक्षरं बारीक, म्हणून मी मोठी केली. मेनूची पट्टी खाली नको, वर पाहिजे, म्हणून वर नेली. बाण दिसत नाही, म्हणून तो बोटाएवढा जाड केला. कीबोर्डची मांडणी टाइपरायटरची, त्यांच्या सवयीची, तीच ठेवली. तरी रोज काहीतरी नवीन निघायचंच. शेवटी एक दिवस मी वैतागून विचारलं, “अण्णा, एकदाच काय ते सांगा. नेमकं पाहिजे तरी काय तुम्हाला?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “पोरी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो तवा माझी केस हुती. लाकडी, कप्प्याकप्प्याची. डोळं मिटून हात घातला तरी पाहिजे ते अक्षर हाताला लागायचं. हितं डोळं फाडून बघितलं तरी फाइल घावत न्हाई. दुसऱ्याच्या घरात चमचा हुडकल्यागत वाटतंय.”

एवढं सरळ कुणीच मला कधी सांगितलं नव्हतं. मी सरांना विचारलं, ती केस कुठाय? माळ्यावर होती. मी शिडी लावून वर चढले आणि धुळीनं माखून ती खाली आणली. अंगणात उन्हात ठेवून तिचा फोटो काढला आणि तोच फोटो डेस्कटॉपवर लावला, पडदाभर. मग एकेक चिन्ह एकेका कप्प्यात बसवलं. मधल्या मोठ्या कप्प्यात चालू अंक. त्याच्या शेजारी जाहिराती. वरच्या ओळीत जुने अंक. आणि कोपऱ्यात, जिथं अण्णा फुटकी अक्षरं टाकायचे म्हणाले होते, तिथं कचरापेटी.

अण्णांनी बघितलं. खुर्ची पुढं ओढली, पुन्हा बघितलं. पडद्यावरच्या लाकडावरून बोट फिरवलं.

“बरं दिसतंय,” एवढंच म्हणाले. आणि मग माझ्याकडं बघून, “पण डबडं ते डबडंच.”

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी उगाच त्यांची खोड काढली. सरांच्या कचेरीत पूजाअर्चेला मज्जाव होता, हे गावाला माहीत होतं. ‘यंत्राला तेल लागतं, हळद लागत नाही,’ असं ते दर दसऱ्याला अग्रलेखातच लिहायचे. सूट फक्त एकाच गोष्टीला होती. अण्णांच्या स्टिकला. स्टिक म्हणजे खिळे जुळवताना डाव्या हातात धरायची लोखंडी पट्टी. कचेरीतला जुना छापखाना बंद झाला तरी अण्णांनी ती फडक्यात गुंडाळून खणात जपली होती. दसऱ्याला कचेरी बंद असायची, तेव्हा एकटेच येऊन कोपऱ्यात तिची पूजा करायचे. सरांना ठाऊक असायचं, पण ते डोळेझाक करायचे.

“अण्णा,” मी म्हटलं, “यंदा स्टिकबरोबर ह्यालाही दोन फुलं वाहा की.”

“ह्याला? डबड्याला?” अण्णा उसळलेच. “स्टिकनं मला भाकरी दिलीया. ह्यानं काय दिलं? डोळ्याला पाणी! मेलो तरी ह्याच्यापुढं हात जोडणार न्हाई, लिहून घे.”

तर त्या सकाळी मी त्याच यंत्रापुढं बसले होते.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर. दसऱ्याच्या आधी मीच अण्णांसाठी दोन-चार शॉर्टकट करून दिले होते. ते काढून टाकले. एक अक्षर दाबलं, खिडकी मिटली. मग वाटलं, एक बटण दाबून सोडलं तरी ते दाबलेलंच धरायची एक सोय असते, ती चुकून चालू झाली असेल. सेटिंग उघडलं. बंद होती. अण्णांच्या नावचं खातं सोडून नवं कोरं खातं उघडलं. तिथं केसचा फोटो नाही, काही नाही, नुसता उंदीर. तिथंही तेच. माउसचं चाक फिरवलं तर पान खाली सरकायच्या ऐवजी अक्षरं भोपळ्याएवढी झाली.

चहा आला आणि गार झाला. सर येरझाऱ्या घालत होते.

“मी सांगतो, फुकट ते फुकटच,” ते म्हणाले. “ज्याला मालक नाही त्याची जबाबदारी घेणार कोण?”

“मी घेतलीय ना, सर,” मी म्हटलं. “माझ्या नावानं बोला, लिनक्सच्या नावानं नको.”

गळ्यातली दोरी काढली आणि पेनड्राइव्ह लावला. त्यात अख्खं लिनक्स होतं, कॉम्प्युटरच्या आतल्या कशालाही हात न लावता चालणारं. यंत्र बंद करून त्याच्यावरून चालू केलं. आता पडद्यावर जे काही होतं ते माझ्या गळ्यातलं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. त्यात एक कोरा कागद उघडला. बटण दाबलं. खिडकी मिटली!

मी टाळीच वाजवली. “झालं! सर, इकडं या. बघा, आतलं काहीएक चालू नाही आणि तरी रोग तोच. म्हणजे रोग आतला नाहीच. बाहेरचा आहे, हाताला लागेल असा.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुठलं तरी बटण दबून बसलंय. कंट्रोलचं असणार. त्याच्यासोबत काहीही दाबलं की त्याचा हुकूम होतो. खिडकी मीट, पान पूस, अक्षर मोठं कर.” मी कीबोर्डकडं हात नेला.

“थांब,” अण्णा म्हणाले.

इतका वेळ गप्प बसलेला माणूस एकदम खुर्चीवरून उठला आणि दोन्ही हातांनी कीबोर्ड धरला. “त्याला काय झालं न्हाई. मी पुसलाय काल. चांगला पुसलाय.”

“काल?” सर म्हणाले. “काल तर दसरा होता. कचेरी बंद होती.”

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मला काही उमगेना. मी हळूच त्यांच्या हातातून कीबोर्ड सोडवला, उलटा केला आणि थोपटला. धूळ पडली, डोक्याचा एक पांढरा केस पडला. मग डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोलचं बटण नखानं उचकटून काढलं. त्याच्या खोबणीत काहीतरी अडकलं होतं. टाचणीनं टोकरलं, तर ते टुणकन उडून माझ्या तळहातावर आलं.

तांदळाचा दाणा होता. अर्धा तुटलेला, कुंकवानं लाल झालेला. अक्षता!

आता बघितलं तर शेजारच्या बटणाच्या कडेला पुसायची राहून गेलेली हळदही दिसली. मी मूठ मिटली आणि अण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. खणाकडं बघत होते, जिथं फडक्यात स्टिक होती. कान लालबुंद झालेले.

काय वाटलं तेव्हा, आजही नीट सांगता येत नाही. आधी हसूच फुटत होतं. मग कालचा दिवस डोळ्यांपुढं उभा राहिला. मेलो तरी हात जोडणार नाही म्हणणारा हा माणूस काल बंद कचेरीत एकटा आला होता. स्टिक मांडली असेल, आणि तिच्या शेजारी डबडं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग कुणाला कळू नये म्हणून सगळं पुसून काढलं असेल. कीबोर्डवर अक्षता टाकताना तो माणूस केसचाच विचार करत असणार. खिळ्यांच्या केसवर कितीही अक्षता टाका, झटकल्या की झाल्या. त्या लाकडाला दाणा कधी अडला नव्हता.

“काय निघालं?” सर चष्मा लावत जवळ आले. “दाखव.”

इथं माझी परीक्षा होती. खरं सांगते, जिंकलेला डाव झाकून ठेवायचा स्वभाव नाही माझा. मूठ उघडली असती तर लिनक्स निर्दोष, मी निर्दोष, तालुकाभर सांगायला एक फर्मास किस्सा. आणि सरांच्या हातात अण्णांना घरी बसवायला आयतं कारण. पूजाबंदीच्या कचेरीत पूजा, तीही दिवाळी अंकाच्या तोंडावर, तीही अंक बुडवणारी.

“कचरा,” मी म्हटलं. “जुना कीबोर्ड आहे, साठतो.”

“कचरा?” सरांचा पारा पुन्हा चढला. “तीन महिन्यांपूर्वी यंत्र तूच नेलं होतंस ना दुकानात? कीबोर्ड साफ करून द्यायचा असतो, एवढं साधं कळू नये? तुझा कचरा, आणि त्याच्यापायी सकाळपासून आमचा जीव टांगणीला? मी या म्हाताऱ्या माणसाला नाही नाही ते बोललो! ही हयगय आहे, गिरिजा. तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती.”

हयगय! मी! दुकानात आलेला प्रत्येक कीबोर्ड ब्रशनं झाडून, स्पिरिटनं पुसून देणारी बाई मी. जिभेवर आलेलं उत्तर इतकं टोकदार होतं की गिळताना दुखलं.

“चुकलं, सर,” मी म्हटलं. “पुन्हा होणार नाही.”

अण्णांनी मान वर केली. तोंड उघडलं, बहुतेक सगळं सांगून टाकणार होते. मी डोळे वटारले आणि कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला.

“बसा, अण्णा. चेअरमनसाहेबांच्या शुभेच्छा पुन्हा काढायच्यात. त्यांच्याशिवाय दिवाळी गोड कशी व्हायची?”

पेनड्राइव्ह काढून गळ्यात अडकवला आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पडद्यावर केस आली, कप्प्याकप्प्यात फायली आल्या. पुसलेलं पान आधी साठवलेल्या प्रतीतून काढलं, ते जसंच्या तसं परत आलं. अण्णांनी बोटं टेकली आणि अक्षरं झरझर उमटायला लागली. मी शेजारी स्टुलावर बसून पानं तपासत राहिले. सर थोड्या वेळानं आले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले आणि गरम चहा सांगायला निघून गेले. उन्हं उतरायच्या आत सीडी तयार झाली आणि सर स्वतः ती घेऊन स्टँडवर पळाले. कोल्हापूरला टाइपिंग पाठवायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

अण्णा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. आभार नाहीत, खुलासा नाही. मीही विषय काढला नाही. फक्त ‘डबडेवाली’ म्हणणं बंद झालं, आणि त्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी काही कामानं कचेरीत गेले, तर सरांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण काढून अण्णांच्या टेबलावर ठेवलं. कीबोर्डच्या मापाचं होतं.

“धूळ फार झालीय हल्ली,” ते कुणाकडंच न बघता म्हणाले. “विशेषतः सुट्टीच्या दिवशी.” आणि अग्रलेख लिहायला आत गेले. यंत्राला तेल लागतं, हळद लागत नाही, हेच लिहीत असणार.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं.

“उद्या सकाळी ये,” ते म्हणाले. “आंघोळ करून ये.”

मी गेले. दार लोटलेलं होतं, आत झेंडूचा वास. टेबल पुसून त्यावर अण्णांनी धुवट पंचा अंथरला होता. यंत्र चालू होतं, पडद्यावर केस होती, कीबोर्डवर सरांचं झाकण घट्ट बसवलेलं. पंच्यावर फडक्यातनं काढलेली स्टिक, तेलानं चकचकीत केलेली. तिच्या शेजारी थोडी जागा मोकळी होती. मला वाटलं, नारळासाठी असेल.

अण्णांनी हात पुढं केला. “दे इकडं.”

“काय?”

“गळ्यातलं.”

मी दोरी काढून पेनड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो स्टिकच्या शेजारी मांडला, दोरी नीट गोल करून. दोन्हींवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. अक्षतांची मूठ त्यांनी उचलली खरी, पण हात मध्येच थांबला.

“आधी टोपण लाव त्याला,” अण्णा म्हणाले. “घट्ट लाव. मागच्या सालागत नको.”